पांढऱ्या पट्ट्यापासून काळ्या पट्ट्यापर्यंत : तायक्वांदोच्या पायऱ्यांचा इतिहास

आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये गेली तीन वर्षे आठवड्यातून तीन संध्याकाळी तायक्वांदोचे वर्ग चालतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. पहिल्या तासाला पाच ते आठ वर्षांची चिल्लीपिल्ली, दुसऱ्या तासाला नऊ ते चौदा वयाची मुले-मुली आणि शेवटी मोठी माणसे. या शेवटच्या तासात प्रस्तुत लेखकही पांढरा पट्टा बांधून उभा असतो आणि पुढच्या रांगेत कॉलेजात जाणारी, आपल्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान पण पट्ट्याने मोठी असलेली मुले असतात.

यंदा उत्सवाच्या तयारीच्या सभेत या वर्गावरून बरीच चर्चा झाली. दोन मुद्दे निघाले. पहिला ज्येष्ठ सभासदांचा : आपल्याकडे लाठी, लेझीम, मल्लखांब असताना गणपतीच्या हॉलमध्ये ही परदेशी विद्या कशाला? दुसरा पालकांचा : फी भरतो आहोत, तीन वर्षे झाली, मग काळा पट्टा कधी? शेजारच्या गावात म्हणे दीड वर्षात देतात. हॉल पुढच्या वर्षी या वर्गाला द्यायचा की नाही, याचा निर्णय दिवाळीनंतरच्या सर्वसाधारण सभेत व्हायचा आहे.

मी काही या विषयातला तज्ज्ञ नाही. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि रुळांच्या देखभालीत वीस वर्षे गेली. पण एखादे बांधकाम पाडायचे की ठेवायचे हे ठरवण्याआधी त्याचे जुने ड्रॉइंग काढून पाहावे, अशी आमच्या खात्याची शिस्त आहे. तेव्हा तायक्वांदोचे जुने ड्रॉइंग काढून पाहिले. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो.

पायऱ्या कोणी बांधल्या?

एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पूर्वी म्हणे शिष्य एकच पांढरा पट्टा वर्षानुवर्षे बांधत, तो कधी धूत नसत, आणि घामाने, मातीने तो काळा झाला की शिष्य पक्का झाला असे समजत. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. पट्ट्यांची पद्धत आपोआप मळून तयार झालेली नाही. ती विचार करून आखलेली आहे आणि आखणारा माणूस शिक्षक होता.

त्यांचे नाव जिगोरो कानो. जपानात जुजुत्सूची अनेक घराणी होती. प्रत्येक घराण्यात गुरू आपल्या मर्जीने, अनेक वर्षांच्या अंतराने एखादे प्रमाणपत्र देत असे. मधल्या काळात शिष्याला आपण कुठे पोहोचलो याचा पत्ता नसे. कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एका बौद्ध देवळाच्या बारा चटयांच्या जागेत आपली शाळा, कोडोकान, सुरू केली आणि जुजुत्सूला नवे रूप देऊन त्याचे नाव ज्युदो ठेवले. पुढे ते टोकियोच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे अनेक वर्षे प्रमुख होते आणि १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर गेलेले पहिले आशियाई सदस्यही तेच.

शिक्षकाच्या दृष्टीने त्यांनी दोन अडचणी पाहिल्या. नवखा आणि जाणता यांची एकाच चटईवर गाठ पडली तर नवख्याचे हाड मोडते. आणि दहा वर्षांनंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्राकडे पाहत दहा वर्षे टिकणारे विद्यार्थी थोडे असतात. म्हणून त्यांनी वाट लहान लहान पायऱ्यांत तोडली. खालच्या पायऱ्या 'क्यू' आणि वरच्या 'दान'. 'दान' हा शब्द त्यांनी जपानच्या 'गो' या पटावरच्या खेळातून घेतला, तिथे खेळाडूंची प्रतवारी शतकाहून अधिक काळ अशीच होत होती. १८८३ मध्ये त्यांनी आपल्या दोन शिष्यांना पहिला दान दिला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत दान मिळवलेल्यांनी काळा पट्टा बांधण्याची चाल पडली. समोरच्याचा पट्टा पाहूनच कळावे की याच्याशी किती जोराने खेळायचे, एवढाच त्याचा साधा, व्यवहारी अर्थ होता.

रंगीत पट्टे त्यानंतर आले, आणि तेही पूर्वेकडे नव्हे तर युरोपात. पॅरिसमध्ये १९३० च्या दशकात मिकिनोसुके कावाइशी नावाचे जपानी शिक्षक ज्युदो शिकवत. त्यांनी पांढरा आणि काळा यांच्यामध्ये निरनिराळे रंग घालण्याची पद्धत रूढ केली. पुढचा टप्पा डोळ्यांना दिसला की विद्यार्थी टिकतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

आम्हा रेल्वेमार्गवाल्यांना ही रीत ओळखीची वाटेल. रुळांखालची खडी चाळून नवी भरली की त्या जागेवरून गाडी लगेच पूर्ण वेगाने सोडत नाहीत. आधी ताशी २० किलोमीटरची कॉशन ऑर्डर, मग टप्प्याटप्प्याने ४५, ७५, आणि मार्ग नीट बसला की पूर्ण वेग. मधले टप्पे गाळले तर वेळ वाचतो असे वाटते, पण रूळ बसलेला नसतो. पट्टा म्हणजे शरीराची कॉशन ऑर्डर आहे, एवढे लक्षात ठेवले तर पुढचा इतिहास समजायला सोपा जाईल.

पारतंत्र्यातला कोरिया

ज्युदोची ही पायरी-पद्धत कराटेत आली ती गिचिन फुनाकोशी यांच्यामुळे. ते ओकिनावा बेटावरचे शाळामास्तर. १९२२ मध्ये ते टोकियोला आले, कानोंनी त्यांना कोडोकानमध्ये प्रात्यक्षिक दाखवायला बोलावले, आणि १९२४ मध्ये फुनाकोशींनी कराटेतले पहिले दान दिले. त्यांच्याकडे टोकियोच्या विद्यापीठांतली मुले शिकत. त्या मुलांत काही कोरियन होते.

कोरिया तेव्हा स्वतंत्र नव्हता. १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षे तो जपानच्या ताब्यात होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस शाळांतून कोरियन भाषेला हद्दपार करण्यात आले आणि १९४० पासून लोकांवर आपली आडनावे टाकून जपानी नावे घेण्याची सक्ती होऊ लागली. कोरियाची स्वतःची पायांनी खेळायची एक जुनी कला होती, तेक्क्योन. झुलत झुलत समोरच्याचा तोल घालवायचा, असा तो लोकांचा खेळ. पारतंत्र्यात तोही जवळजवळ नाहीसा झाला. सोंग दक-की (१८९३–१९८७) या गृहस्थांनी तो तरुणपणी शिकलेला होता आणि आयुष्यभर जपला, म्हणून तो वाचला. १९८३ मध्ये कोरियन सरकारने तेक्क्योनला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा ठरवले आणि २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीतही त्याचा समावेश झाला.

कोरिया स्वतंत्र झाला तो दिवस १५ ऑगस्ट १९४५. आपल्या आधी बरोबर दोन वर्षे. झेंडावंदनाला उभे राहताना आपल्या वर्गातल्या मुलांना हे जरूर सांगावे.

त्या सुमारास सोल शहरात एकामागून एक तालमी उघडल्या. त्यांना कोरियन भाषेत 'क्वान' म्हणतात. पहिली म्हणून जिचे नाव घेतले जाते ती 'चुंग दो क्वान' १९४४ मध्ये ली वन-कुक यांनी काढली. ते टोकियोत फुनाकोशींचे शिष्य होते. १९४६ अखेरपर्यंत अशा पाच प्रमुख तालमी झाल्या. बहुतेकांचे संस्थापक जपानात कराटे शिकून आलेले. म्हणजे ज्या राज्यकर्त्यांनी भाषा आणि नावे हिरावून घेतली, त्यांच्याच देशात शिकलेली विद्या घेऊन ही तरुण मंडळी परत आली होती, आणि आता तिला आपल्या मातीत रुजवायचे होते.

युंगसान स्टेशनातली तालीम

या पाचांपैकी एका तालमीची हकीकत वाचताना मी अक्षरशः खुर्चीत सरसावून बसलो, कारण ती रेल्वेची आहे.

ह्वांग की (१९१४–२००२) हे रेल्वेचे नोकरदार. १९३५ च्या सुमारास ते मांचुरियात गेले आणि तिथल्या दक्षिण मांचुरिया रेल्वेत नोकरीला लागले. तिथे एका चिनी गुरूकडे आपण शिकलो, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे सोलला परतून १९३९ मध्ये ते कोरियाच्या रेल्वे खात्यात दाखल झाले. त्या कार्यालयाच्या वाचनालयात त्यांना ओकिनावाच्या कराटेवरची जपानी पुस्तके मिळाली आणि फावल्या वेळात त्यांनी ती अभ्यासली. आपल्या इन्स्टिट्यूटच्या वाचनालयातून काय काय घडू शकते, याचा हा दाखलाच म्हणायचा.

स्वातंत्र्य मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत, ९ नोव्हेंबर १९४५ रोजी, त्यांनी आपली 'मू दक क्वान' ही तालीम सुरू केली. जागा कुठली? सोलमधील युंगसान रेल्वे स्टेशन. युंगसान हे तिथले मोठे रेल्वेकेंद्र, स्टेशन १९०० सालचे, म्हणजे आपल्या खरगपूरच्या रेल्वेवसाहतीच्या बरोबरीचे. विद्यार्थी अर्थातच रेल्वेचे कर्मचारी. लोक या तालमीला 'रेल्वे खात्याची तालीम' म्हणूनच ओळखत. सुरुवातीला विद्यार्थी टिकेनात. ह्वांग यांनी आपल्या पद्धतीला दिलेले नाव लोकांना अपरिचित होते. मग त्यांनी 'तांग सू दो' हे लोकांना ठाऊक असलेले नाव घेतले आणि वर्ग भरू लागले.

१९५० मध्ये युद्ध पेटले. सोल शहर तीन वर्षांत चारदा या हातातून त्या हातात गेले. तालमी बंद पडल्या, काही संस्थापक त्या धामधुमीत कायमचे बेपत्ता झाले. याच युद्धात भारताने आपली ६० वी पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स पाठवली होती, हेही जाता जाता आठवावे. १९५३ च्या युद्धविरामानंतर ह्वांग यांनी सोल स्टेशनजवळ पुन्हा तालीम उभी केली, आणि त्यानंतर रेल्वेच्या जाळ्याबरोबर तिच्या शाखा गावोगावी पसरल्या. पुढल्या दहा वर्षांत ती देशातल्या सर्वांत मोठ्या तालमींपैकी एक झाली.

मला यात महत्त्वाचे वाटते ते असे. बदलीची नोकरी करणारा माणूस आपल्याबरोबर घर नेऊ शकत नाही. पण त्याने एका स्टेशनवर जे शिकले ते दुसऱ्या स्टेशनवर तिथूनच पुढे सुरू करता आले, तर विद्या तुटत नाही. त्यासाठी कुठवर शिकलो याची नोंद दोन्हीकडे सारखी हवी. पायऱ्या ठरलेल्या असल्या की बदलून आलेल्याला पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावी लागत नाही. आपली मुले दर चार-पाच वर्षांनी शाळा बदलतात, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

नाव, भांडणे आणि ऑलिंपिक

पाच तालमी, पाच पद्धती आणि प्रत्येकाची नावे निराळी. कोणी कराटे म्हणे, कोणी तांग सू दो, कोणी आणखी काही. ही विद्या आपली म्हणायची तर नावही आपले हवे, असे पुष्कळांना वाटत होते. सैन्यातले जनरल चोई होंग ही (१९१८–२००२) यांनी १९५५ मध्ये 'तायक्वांदो' हे नाव पुढे केले. 'ते' म्हणजे पायाचा प्रहार, 'क्वॉन' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग. तेक्क्योनशी उच्चार जुळतो म्हणूनही ते निवडले गेले. चोईदेखील जपानात कराटे शिकलेलेच होते.

नाव सर्वांच्या गळी उतरायला दहा वर्षे लागली. १९६१ मध्ये तालमींची एकत्र संघटना झाली ती 'तेसूदो' या तडजोडीच्या नावाने, आणि १९६५ मध्ये ती कोरिया तायक्वांदो संघटना झाली. ह्वांग की मात्र या एकत्रीकरणात गेले नाहीत. त्यांचे बरेच शिष्य गेले, ते स्वतः 'सू बाक दो' या नावाने आपली वाट चालत राहिले. चोईंनी १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ काढला, पण पुढे सरकारशी बिनसल्याने १९७२ मध्ये ते कॅनडाला निघून गेले. त्याच वर्षी सोलमध्ये 'कुक्कीवन' ही मध्यवर्ती संस्था उभी राहिली. १९७३ मध्ये दुसरा जागतिक महासंघ स्थापन झाला आणि पहिली जागतिक स्पर्धाही सोलमध्येच भरली. या महासंघाचे नाव २०१७ पासून 'वर्ल्ड तायक्वांदो' असे आहे. आजही जगात दोन्ही पंथ नांदतात. मंडळांत फूट पडते ती फक्त आपल्याकडेच, असा कोणाचा समज असेल तर तो दूर व्हावा! ज्या दोघांचे एकमेकांशी पटले नाही ते चोई आणि ह्वांग २००२ साली एका महिन्याच्या अंतराने निधन पावले.

भांडणे झाली, तरी शिकवण्याची पायरी-पद्धत कोणीच सोडली नाही. तिच्या जोरावर कोरियन प्रशिक्षक जगभर गेले. सोल (१९८८) आणि बार्सिलोना (१९९२) ऑलिंपिकमध्ये तायक्वांदो प्रदर्शनीय खेळ होता. ४ सप्टेंबर १९९४ रोजी पॅरिसच्या अधिवेशनात तो पदकांच्या खेळांत घेण्याचा निर्णय झाला. बहुधा गणपतीच्या दिवसांच्या आसपास येणारा हा ४ सप्टेंबर आता जागतिक तायक्वांदो दिन म्हणून पाळतात. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पहिली पदके दिली गेली. नाव ठेवल्यापासून ऑलिंपिक पदकापर्यंत फक्त पंचेचाळीस वर्षे.

आणि ती पदके कोणाला मिळाली ते पाहा. व्हिएतनामचे इतिहासातले पहिले ऑलिंपिक पदक सिडनीला मिळाले ते तायक्वांदोत, एका मुलीने मिळवलेले. अफगाणिस्तानचे पहिले पदक २००८ मध्ये रोहुल्ला निकपाई यांनी तायक्वांदोत मिळवले, ते लहानपणी इराणमध्ये निर्वासित होते. जॉर्डनचे पहिले पदक, तेही सुवर्ण, २०१६ मध्ये तायक्वांदोतच. या खेळाला तळे लागत नाही, घोडे लागत नाहीत, हिरवळ लागत नाही. सपाट जमीन, एक शिकवणारा आणि ठरलेल्या पायऱ्या एवढे पुरते. टोकियो पॅरालिंपिकमध्ये (२०२१ मध्ये झालेल्या) तायक्वांदोचा प्रथमच समावेश झाला आणि हरियाणाच्या अरुणा तंवर तिथे भारताकडून उतरल्या.

वयाप्रमाणे, वकुबाप्रमाणे

आता आपल्या हॉलमधल्या वर्गाकडे येऊ. काळ्या पट्ट्याच्या खाली दहा पायऱ्या असतात आणि त्या उलट्या मोजतात, दहावी सर्वांत खालची, पहिली सर्वांत वरची. पायरीला कोरियन भाषेत 'गप' म्हणतात. घरी आपण मुलांना म्हणतो ते 'गप' नव्हे, तरी परिणाम साधारण तोच होतो असे पालकांचे म्हणणे आहे. रंग पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, लाल असे चढत जातात. या पायऱ्यांसाठी 'तेगुक' नावाचे आठ पूमसे, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचे आठ पाठ आहेत. आकाश, सरोवर, अग्नी, मेघगर्जना, वारा, पाणी, पर्वत आणि पृथ्वी अशा आठ कल्पनांवर ते बेतले आहेत. हे पाठ प्राचीन नाहीत, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला समितीने बसून तयार केलेले आहेत. पहिल्यात अठरा हालचाली, चाल साधी चालण्याची. पुढे उभे राहण्याची ढब खोल होते, लाथ उंच जाते, वळणे वाढतात.

काळ्या पट्ट्यापाशी वयाचा नियम येतो. पंधरा वर्षांखालच्या मुलाने परीक्षा पार केली तरी त्याला 'दान' मिळत नाही, 'पूम' मिळतो. त्याचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. विद्या आली आहे, वय यायचे आहे, असा त्याचा अर्थ. पहिल्या दानानंतर दुसऱ्यासाठी किमान एक वर्ष, तिसऱ्यासाठी आणखी दोन, चौथ्यासाठी आणखी तीन, पाचव्यासाठी आणखी चार वर्षे थांबावे लागते. म्हणजे जसजसे वर जावे तसतशी वाट लांबते. आमच्या खात्यात डिपार्टमेंटल परीक्षा देणाऱ्यांना हे वेगळे समजावायला नको. स्पर्धांतही बारा ते चौदा, पंधरा ते सतरा आणि त्यापुढचे असे गट वेगळे असतात, शिवाय वजनाचे गट निराळे.

आपले प्रशिक्षक, ज्यांना सगळी मुले 'दादा' म्हणतात, हेच तत्त्व पाळतात. चिल्ल्यापिल्ल्यांना ते लाथ मारायला लावतच नाहीत म्हटले तरी चालेल. एका पायावर उभे राहा, रेषेवरून चाला, शिट्टी वाजली की थांबा. मधल्या गटाला पूमसे आणि छातीला कवच, डोक्याला टोप घालून जोडीचा सराव. आम्हा चाळिशीपुढच्यांना ते पहिले तीन महिने कमरेपेक्षा उंच पाय उचलू देत नव्हते. कंबर आणि गुडघे आधी मोकळे झाले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. रात्रभर ट्रॅकवर उभे राहून आलेल्या माझ्या गुडघ्यांनी त्याबद्दल त्यांचे आभार मानले आहेत. आमच्या गटात फळी फोडण्याचा प्रकार अजून झालेला नाही आणि त्याची घाईही कोणाला नाही.

पट्ट्याच्या परीक्षेची फी ते वेगळी घेतात, ती माफक आहे, आणि तयारी नसलेल्याला ते परीक्षेलाच बसू देत नाहीत. दर तीन महिन्यांनी नवा रंग, दर रंगाला फी आणि दीड-दोन वर्षांत दहा वर्षांच्या मुलाच्या कमरेला पूर्ण काळा पट्टा, असे वर्गही ठिकठिकाणी चालतात. असा पट्टा मिळालेल्या मुलाला वाटते की आपल्याला सारे येते. रस्त्यात प्रसंग आला तर हा गैरसमज त्याला महागात पडू शकतो. रूळ न बसताच कॉशन ऑर्डर उठवली, तर जबाबदारी कोणाची?

ह्वांग की यांनी आपल्या तालमीत काळा पट्टा ठेवलाच नव्हता. काळा हा पूर्णतेचा रंग, त्यात दुसरा कोणताही रंग मिसळता येत नाही, आणि माणूस कधी पूर्ण होत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांच्याकडे दान मिळवणारे मध्यरात्रीच्या आभाळासारखा गडद निळा पट्टा बांधतात. "काळा पट्टा कधी?" या पालकांच्या प्रश्नाला रेल्वेतल्या या माणसाने दिलेले उत्तर विचार करण्यासारखे आहे.

परकी विद्या आणि आपला हॉल

आता ज्येष्ठांच्या मुद्द्याकडे. त्यामागची आस्था मला कळते. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला रूप दिले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून व्यायामाचे शिक्षण शिस्तीने उभे केले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे आपले खेळ दाखवले. हा वारसा आपला आहेच. मल्लखांब शिकवणारा वस्ताद खरगपूरला मिळाला तर त्यालाही हा हॉल द्यावा, असे मी सभेत मांडणार आहे, आणि पहिला अर्ज माझ्या मुलीचा असेल.

पण परकी म्हणून विद्या नाकारायची तर आपण राहतो त्या बंगालकडेच पाहावे. गुरुदेव टागोरांनी १९२९ मध्ये जपानहून शिंझो ताकागाकी या ज्युदो शिक्षकांना शांतिनिकेतनात बोलावून घेतले होते. ते परकीयांच्या राज्यातले दिवस होते, तरी चांगली विद्या कुठूनही यावी याला त्यांची हरकत नव्हती. आणि कोरियन लोकांनी तर ज्यांनी गुलामीत ठेवले त्यांच्याकडची विद्या घेतली, तिला स्वतःचे नाव, स्वतःचे पाठ आणि उंच लाथांची स्वतःची शैली दिली. दोन हजार वर्षांची परंपरा असे काही माहितीपत्रकांत छापतात. तायक्वांदोला त्या दाव्याची गरज नाही. लोकमान्यांनी १८९३ पासून घरातल्या गणपतीच्या सार्वजनिक उत्सवाचा प्रसार केला, तेव्हा तोही नवाच होता. आज तो आपल्याला अनादी वाटतो, कारण आपण तो निष्ठेने चालवला.

शेवटचे एकच. आपल्या वर्गात छत्तीस मुले आहेत, त्यांतली मराठी अकरा. बाकीची तेलुगू, बंगाली, ओडिया, हिंदी बोलणारी. आई-वडील सगळे रेल्वेचे. दरवर्षी कोणाची तरी बदली होते, कोणी पुण्याला, कोणी बेंगळुरूला शिकायला जाते, आणि आरतीला उभी राहणारी आपली रांग थोडी लहान होते, हे आपण पाहतोच आहोत. पण संध्याकाळी सहा वाजता त्या हॉलमध्ये ही छत्तीस मुले एका सुरात "हाना, दुल, सेत, नेत" असे कोरियन आकडे मोजतात. त्या आकड्यांत कोणी घरचा नाही आणि कोणी परका नाही. मागच्या वर्षी विसर्जन मिरवणुकीत दोर धरून गर्दी आवरायला यातली वीस मुले न बोलावता आली होती, आणि त्यांतल्या निम्म्यांची नावे आपल्या वर्गणीच्या वहीत नाहीत.

म्हणून माझी सर्वसाधारण सभेला नम्र विनंती आहे. हॉल या वर्गाला द्यावा. वयाप्रमाणे तीन गट आहेत तसेच ठेवावेत. पट्ट्याच्या परीक्षा प्रशिक्षकांच्या मर्जीने व्हाव्यात, आमच्या घाईने नव्हे. आणि शक्य झाल्यास मंडळाने दोन जास्तीच्या चटया घ्याव्यात, कारण मोठ्यांच्या तासाला आता दोन आज्याही येऊ लागल्या आहेत. त्यांचाही पट्टा पांढराच आहे.

गणपती बाप्पा मोरया!

— मंडळाचा एक सभासद, सीनियर सेक्शन इंजिनिअर (रेल्वेमार्ग), खरगपूर